फुगा शिवडीच्या चिखलात

अठराशे पंच्याण्णव साल, मी वीस वर्षांचा. वरळीच्या कोळीवाड्यात माझ्याइतका वाऱ्याचा जाणकार दुसरा नव्हता, हे मी आजही म्हणतो. शाळेत दोनच यत्ता झाल्या, पण वारा कुठल्या शाळेत शिकवतात?

गावातल्या एका नाखव्याची मुलगी मला हवी होती. तिलाही मी हवा होतो. अडून बसला होता तो नाखवा. आदल्याच आठवड्यात त्याची होडी किनाऱ्याला लावताना मी खडकावर घातली होती. वारा आडवा आला, त्याला मी काय करणार?

"सुकाण तुझ्या हातात नि चूक वाऱ्याची?" नाखवा म्हणाला. "तुला पोर देऊन तिलापण खडकावर घालू कं?"

त्याच दिवसांत परळच्या मैदानात एक साहेब ग्यासचा फुगा घेऊन आला. फुग्याखाली वेताची टोपली, तीत उभं राहून आभाळात जायचं. उतरताना नांगर टाकायला त्याला दोरखंड जाणणारा गडी हवा होता. सगळा कोळीवाडा बघायला लोटलेला. मी पुढं झालो.

"नाखवा, हा फुगा नीट खाली आणला तर देणार ना पोर?"

"दिली! पण आधी वर तर जा. टोपलीतच मुतशील, मेल्या!"

लोक खो खो हसले. दोर सुटले आणि परळ सटकन खाली गेलं. पोटात अशा गुदगुल्या झाल्या की मी हसत सुटलो. साहेबही हसला. गिरण्यांच्या चिमण्या म्हणजे उभ्या रोवलेल्या विड्या. नाखव्याची लाल टोपी गुंजेएवढी. आणि गंमत अशी की वर वारा लागेचना! आम्हीच वाऱ्याबरोबर चाललेलो. मी वाऱ्याचा जाणकार, आणि वाराच गायब.

शिवडीच्या अलीकडं कोरडी जमीन दिसली तसा साहेबानं वरून थोडा ग्यास सोडला. आम्ही उतरू लागलो. जमीन हाताशी आली आणि बाजूनं झपाटा बसला. टोपली कलंडली, बूड खरकन घासलं.

"लंगर! लंगर फेंको!" साहेब ओरडला.

आता होडीचं बूड वाळूला घासलं की आम्ही कोळी पहिलं काय करतो? आतले दगड बाहेर फेकतो. होडी हलकी होते, लाट तिला उचलून वर आणते. टोपलीत वाळूच्या गोण्या होत्या. मी दोन भिरकावल्या.

फुगा बेडकासारखा टुणकन उडाला. झाडं, कौलं, एक बोंबलणारा रखवालदार, सगळं पायाखालून गेलं. साहेब मला टोपीनं बडवू लागला. पुन्हा खाली आलो, पुन्हा बूड घासलं, आणि मी उरलेल्या गोण्याही फेकल्या. हट्ट, दुसरं काय! पुन्हा उडालो. साहेब इंग्रजीत देवाचं नाव घेत होता, मी मराठीत हसत होतो.

तिसऱ्यांदा खाली आलो तोवर जमीन संपलीच होती. खाली चिखल. नांगर टाकला, तो लोण्यातून सुरी फिरावी तसा फिरला. फुग्यानं आम्हाला फरफटत नेलं आणि तिवरांत आडवं घातलं. कंबरेपर्यंत चिखल, सदऱ्यात चिखलातली एक निवटी मासळी वळवळतेय, आणि माझं हसू काही थांबेना.

परळहून माणसं धावत आली. सगळ्यांत पुढं नाखवा, धापा टाकत.

"हे नीट उतरणं?"

"नाय."

"मग चूक कोणाची? वाऱ्याची?"

वारा आडवाच होता, ते मी शपथेवर सांगेन. अगदी जिभेच्या टोकावर आलं होतं. पण तो माणूस गुडघाभर चिखलात उभा राहून उत्तराची वाट बघत होता.

"माझी," मी म्हणालो. "गोण्या मी फेकल्या. दोनदा."

नाखव्यानं मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. मग काखेत हात घालून बाहेर ओढलं. 'नाय' काही म्हणाला नाही, तेवढं मला पुरलं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी मामाला अंथरुणातून उठवलं, त्याच्या हातात नारळ दिला आणि त्याला पुढं घालून नाखव्याच्या घरी मागणी घालायला गेलो.