दुसऱ्याच्या गालासाठी ब्रश

समजा, तुम्हाला दाढीचा पहिलाच ब्रश घ्यायचा आहे आणि फार पैसे घालायचे नाहीत. दुकानदार तीन-चार ब्रश समोर मांडतो. तुम्ही एक उचलता, केस तळहातावर दाबून पाहता. टोचतात का, दाब काढल्यावर लगेच उभे राहतात का. मग चिमटीत धरून हलकेच ओढता. एखादा केस हातात आला तर चालतं, झुबका आला तर ब्रश खाली ठेवता. शेवटी तो गालावरून फिरवता आणि गाल काय सांगतो ते ऐकता.

आता समजा, गाल तुमचा नाही. आणि ज्याचा आहे त्याला बोलता येत नाही.

वनमालाबाई रायपूरच्या ब्राह्मणपाऱ्यात शंकरच्या दुकानात उभ्या होत्या, तेव्हा त्यांची गत अशी होती. त्यांचे यजमान दिवाकरराव भोपाळला सचिवालयात स्टेनो होते. छत्तीसगड वेगळं झालं तेव्हा त्यांनी हौसेनं रायपूर मागून घेतलं, कारण माणसं सगळी इथली. नवं मंत्रालय एका जुन्या दवाखान्याच्या इमारतीत भरायचं. सुरुवातीला टेबलं पुरत नसत, तर ते मांडीवर वही ठेवून डिक्टेशन घेत आणि घरी येऊन ते कौतुकानं सांगत. नव्या राज्यात खुंट वाढवून जायचं नाही, म्हणत. दाढी रोज, रविवारीसुद्धा. दुसऱ्या हिवाळ्यात एका सकाळी बूट घालता घालता ते कोसळले. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली.

त्यांच्या घरात दाढीचं सामान ओवळं मानत. सासूबाईंचा नियम होता आणि त्या गेल्यावरही दिवाकररावांनी तो सोडला नाही. सामानाचा डबा न्हाणीबाहेरच्या खिडकीत असायचा. दाढी झाली की आंघोळ, तोवर ते घरात कशालाही शिवत नसत. वनमालाबाईंकडे देवपूजा आणि स्वयंपाक. त्या आवरायला गेल्याच तर ते म्हणत, राहू दे, ओवळं आहे. ब्रशही स्वतःच धुऊन ठेवत. त्यामुळे उभ्या संसारात वनमालाबाईंनी तो ब्रश कधी हातात घेतला नव्हता. दिवाकरराव दवाखान्यात असताना बंद डब्यात त्याला बुरशी आली आणि अनुश्रीनं, त्यांच्या मुलीनं, तो टाकून दिला.

त्यांना चौबे कॉलोनीतल्या घरी आणल्यावर न्हाव्याला बोलावलं. पहिल्या वेळी दिवाकररावांनी डोळे मिटून घेतले. दुसऱ्या वेळी डाव्या हातानं न्हाव्याचं मनगट असं धरलं की सोडेनात. न्हावी घाबरला, दीदी, कट जाएगा म्हणाला आणि वस्तरा मिटून गेला. दाढी वाढत राहिली. ओठाच्या कोपऱ्यातून लाळ गळायची, ती केसांत मुरायची, खाली पुरळ उठलं. भेटायला येणारे बोलताना भिंतीकडे बघू लागले.

"मम्मी, रहने दो ना," अनुश्री म्हणाली. "दाढ़ी में भी अच्छे लगते हैं बाबा."

"तुले लागते अच्छे. त्यायले काय वाटते, ते इचारलं काय कोनी?"

वस्तरा नको, साधं रेझर घ्यायचं ठरलं. अनुश्रीनं फुगे आणून दिले. फुग्यावर फेस लावून वनमालाबाई रेझर चालवायला शिकल्या. दोन-तीन फुगे फुटले, तेव्हा मायलेकी कितीतरी दिवसांनी हसल्या. राहिला ब्रश.

भैया कोणता वापरत होते, असं शंकरनं विचारलं. त्यांना सांगता येईना. केस काळे होते की पांढरे, दांडा कशाचा, काहीच आठवेना. आठवत होता तो फक्त आवाज, दाढी झाल्यावर ब्रश बेसिनवर झटकायचा. शंकरनं राठ केसांचा एक पुढे केला. स्वस्त आहे, पहिल्यांदा कडक लागेल, पण कोमट पाण्यात भिजवून वापरत गेलं की केसांची टोकं फाटून मऊ होतात, फेसही छान धरतो.

"कायका बाल है?"

"सूअर का, भाभी. अचार थोड़े ही डालना है."

वनमालाबाईंनी हात मागे घेतला. त्याहून मऊ होता तो कुठल्याशा जनावराचाच, आणि त्यांच्या आवाक्याबाहेरचा. त्यांनी पांढऱ्या नायलॉनचा घेतला. भिजवायला नको, लवकर वाळतो, पण केस उसळतात, हात हलका ठेवा, असं शंकर म्हणाला.

दुसऱ्या दिवशी पलंगाशी कोमट पाण्याची वाटी ठेवून त्या बसल्या. दिवाकररावांची उजवी बाजू त्यांच्याकडे होती, तिथून सुरुवात केली. ते शांत पडून होते. फेस झाला, रेझर बिनघोर फिरलं. वनमालाबाईंना इतकं बरं वाटलं की त्या शेजारपाजारच्या गोष्टी सांगू लागल्या. मग ब्रश डाव्या गालाला लागला आणि दिवाकररावांनी मान भिंतीकडे फिरवली. वनमालाबाईंनी पुन्हा लावला. पुन्हा मान फिरली. डावा हात उठला आणि त्यानं त्यांचं मनगट बाजूला सारलं. न्हाव्याचं धरलं होतं तसं नाही, हळूच. त्यांनी टॉवेलनं फेस पुसून टाकला. संध्याकाळी अनुश्रीनं तो अर्धा चेहरा पाहिला आणि आत निघून गेली.

उजवा गाल बधिर होता, हे वनमालाबाईंच्या नंतर ध्यानात आलं. तिकडे काही कळतच नव्हतं, म्हणून ते गप्प होते. म्हणजे ब्रश टोचला असणार. त्या पुन्हा शंकरकडे गेल्या आणि तो राठ केसांचा मागितला. या वेळी त्यानं थट्टा केली नाही. रोज सकाळी त्या ब्रश भिजवत, फेस काढत, तळहातावर घोळवत, मग स्वतःच्या गालावर फिरवून पाहत. सुरुवातीला त्यानंतर आंघोळ करत, पुढे पुढे तशाच देवापुढे बसू लागल्या. ब्रश पुरता मऊ झाल्याशिवाय दिवाकररावांपाशी न्यायचा नाही, असं ठरवलं होतं. पुन्हा मान फिरलेली बघायची त्यांची छाती नव्हती.

केसांची टोकं फाटू लागली होती. त्याच सुमारास एका दुपारी दिवाकररावांना दुसरा झटका आला आणि ते गेले.

नेण्याआधी थोरले दीर, श्यामराव, यांनी न्हावी बोलावला. या वेळी मान फिरली नाही. वनमालाबाई भिजवलेला ब्रश घेऊन दारात उभ्या होत्या. कोणी मागितला नाही, त्यांनीही पुढे केला नाही.

या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. मला ब्रशांचा नाद, म्हणून त्यांनी परवा हे सगळं मला सांगितलं. नायलॉनचा केस किती ताठ असतो, राठ केस पाणी कसं धरतो, हे मी त्यांना हौसेनं समजावून सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं,

"ते समजलं रे. पन मले सांग, त्यायले ब्रश टोचला, का मी ओवळी होईन म्हनून त्यायनं हात सारला, का माह्या हातानं दाढी करून घ्याची लाज वाटली?"