उतारावरची ट्रायल

पांढरी पिकअप गल्लीत शिरली तेव्हा सुलताना ओट्यावर बसून कनातीची उसवलेली झालर शिवत होती. गाडी दारासमोर आली, एका दमात वळली, आणि इनायतनं खिडकीतून तोंड बाहेर काढून लहान पोरासारखा हॉर्न वाजवला. शेजारच्या बाया दारात आल्या. सुलताना मात्र गाडीकडे बघतच राहिली. सुई बोटात रुतली तेही तिला उशिरा कळलं.

तिच्या नवऱ्याचं, इनायतचं, पोंभुर्ण्यात बिछायत केंद्र होतं. लग्नाचा मांडव, खुर्च्या, सतरंज्या, मोठाली भांडी आणि वीज गेली तर जनरेटर, असा सगळा पसारा. लग्नसराई नसली की तो मूलहून दुकानदारांचा किराणा आणि भाजी आणायचा. त्यामुळे गाडी रोज लागायचीच. जनरेटरची दोनचाकी ट्रॉली मात्र कधीमधी मागे जोडायची. एखादं मोठं लग्न, एखादा उरूस, आणि वर्षातून एकदा मार्कंड्याची जत्रा.

गेल्या खेपेला त्या जत्रेहून परतताना, दोन हजार तीन साली, ते घडलं होतं. जुनी जीप, मागे ट्रॉली. जंगलातल्या नाल्याचा उतार उतरताना ट्रॉली आधी शेपटीसारखी हलली, मग आडवी झाली आणि जीपला ढकलत रस्त्याखाली घेऊन गेली. इनायतच्या बरगड्या मोडल्या, गळ्याजवळचं हाड मोडलं. जनरेटर सांभाळणारा इसरू बाहेर फेकला गेला आणि करवंदीच्या जाळीत पडला म्हणून वाचला. चंद्रपूरच्या दवाखान्यात सुलताना नवऱ्याच्या उशाशी बसून राहिली. झोपेत त्याचा श्वास अडकला की तिचाही अडकायचा.

इनायत बरा झाला आणि त्या गोष्टीवर विनोद करायला लागला. "जीप म्हातारी झाली होती. तिनं सोताचा जीव देल्ला अन् मले सोडलं," असं तो चहाच्या टपरीवर सांगायचा. लोक हसायचे. सुलतानाला तो विनोद ऐकवत नसे. या माणसाला काही आठवत कसं नाही, याचंच तिला भय वाटे. मूलला कॉलेजात जाणारी त्यांची इकरा बस चुकली की बापाच्याच गाडीत बसायची. तेही होतंच डोक्यात.

आता नवी लग्नसराई तोंडावर आली होती. भाड्याच्या गाड्यांवर वर्ष निघालं, पुढे निघणार नव्हतं. इनायतचा मावसभाऊ वाजिद चंद्रपुरात जुन्या गाड्यांची दलाली करायचा, त्यानंच ही पांढरी पिकअप शोधून आणली होती.

"भाभी, चाय टाका मोठी!" वाजिद खाली उतरत म्हणाला. "गाडी पाहा कशी हाये. डिझेल कमी खाते, तुमच्या गल्लीत एका झटक्यात वळते. भाईले अजून काय पायजे?"

"अन् ट्रॉली?"

"ओढते ना, भाभी. हत्ती जोडा मागं, हत्ती ओढन."

"ओढन तर ओढन," सुलताना म्हणाली, "पण मागून ढकललं तर थांबन का?"

वाजिद इनायतकडे बघून हसला. इनायतला ते हसणं लागलं. तो म्हणाला, "तू काऊन घाबरून राह्यली? आता मी सांभाळून नेईन."

"मंग ट्रॉली जोडा अन् त्याच उतारावर चला. मलेबी यायचं हाये संगं."

"लोक हसतीन."

"हसू द्या."

बिछायतवाल्याची बायको गाडीची ट्रायल घ्यायला निघाली, ही गोष्ट सकाळपर्यंत गावभर झाली. सुलताना बुरखा घालून खिडकीजवळ बसली. मागे हौद्यात वाजिद आणि इसरू उभे राहिले. इसरू जंगलातल्या गावचा, इनायतपेक्षा वयानं मोठा, मोजकं बोलणारा. त्यानं पायाशी दोन मोठे दगड घेतले होते. चाकाखाली लावायला. ते बघून सुलतानाला वाटलं, म्हणजे यालाही झोप लागली नसेल.

धान कापलेली शेतं मागे पडली, दोन्ही बाजूंनी साग सुरू झाला. इनायत बोलत होता. इंजिनचा आवाज ऐक, गिअर कसा पडते पाहा, सीट कशी मऊ हाये. सुलताना फक्त बाजूच्या आरशात बघत होती. आरशात ट्रॉली दिसायची, नाहीशी व्हायची, पुन्हा दिसायची. सरळ चालणारी वस्तू अशी नाहीशी का व्हावी, हे तिला कळेना.

उतार जवळ आला तसा इनायत बोलायचा थांबला. गाडीनं नाक खाली केलं आणि ट्रॉली डोलायला लागली. एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, मग जास्त. केबिनला मागून कुणी धरून हलवावं तसं झालं.

"इकराचे अब्बा, ट्रॉली..."

तो ऐकत नव्हता. त्यानं वेग हळूहळू कमी केला, गाडी कडेला घेतली आणि खरा उतार लागायच्या आधीच थांबवली. सुलतानानं त्याच्याकडे पाहिलं. थंडीच्या दिवसांत त्याच्या कानशिलावरून घाम वाहत होता. इंजिन बंद होतं, तरी त्यानं स्टीअरिंग सोडलं नव्हतं.

"उतरा खाली," ती म्हणाली.

"थांब जरा. पायात जोर नाई."

वर्षभर विनोद सांगणारा हा माणूस. सुलतानाला भडभडून आलं, पण त्याहून जास्त ती घाबरली. आजवर तिची भीती घेऊन भांडायला समोर नवरा तरी होता. आता दोघंही एकाच बाजूला येऊन बसले होते, आणि गाडी घेतल्याशिवाय तर भागणार नव्हतं.

बाहेर वाजिद म्हणाला, "रस्ता खराब हाये, भाई, गाडीत काई खोट नाई." त्यानं इसरूला ट्रॉली सोडायला सांगितलं. इसरूनं चाकांखाली दगड लावले आणि जोडाची पिन ओढली. पिन निघाल्याबरोबर ट्रॉलीचा लोखंडी दांडा आपसूक वर उसळला. वाजिद झटकन मागे सरला नसता तर दांडा हनुवटीवर बसला असता.

सुलताना खाली उतरून ते बघतच राहिली. तिचा बाप गावोगाव बैलगाडी घेऊन फिरायचा, हिरडा-बेहडा भरून आणायचा. लहानपण तिचं त्या गाडीत गेलं होतं. पोती मागे जास्त झाली की जू बैलांच्या मानेवरून वर उचललं जायचं आणि गाडी रस्ताभर भरकटत चालायची. बाप खाली उतरून पोती पुढे सरकवायचा.

"हे तर उलाळ हाये," ती म्हणाली.

"काय?"

"ट्रॉली उलाळ हाये. मागं जड, पुढं हलकी."

"ते बैलगाडीचं झालं," वाजिद म्हणाला.

इनायत दांड्याजवळ गेला. एका हातानं त्यानं तो दाबला, सोडला, दांडा पुन्हा वर आला. पुन्हा दाबला, पुन्हा सोडला. मग तिथेच रस्त्यावर उकिडवा बसला. मोठा जनरेटर घेतला तेव्हा पुढे वायरींची आणि हॅलोजनची पेटी मावावी म्हणून त्यानं तो मागे सरकवून बसवला होता. जाताना पेटीच्या वजनानं ट्रॉली सरळ चालायची. जत्रेहून येताना मात्र पेटी जीपमध्ये टाकलेली होती, आणि आजही ती आणलेली नव्हती.

"भाऊ, बाई बरोबर सांगून राह्यली," इसरू म्हणाला.

गावात वेल्डिंगचं दुकान असलेल्या धनराजनं जुने बोल्ट कापले, नवी छिद्रं पाडली आणि जनरेटर पुढे सरकवला. आता दांडा उचलायला इसरूला दोन्ही हात लावावे लागले. इनायतचा चेहरा उजळला. म्हणजे गाडी तर चांगलीच होती, दोष ट्रॉलीचा होता! पांढरी पिकअप राहणार असं त्यानं धरूनच टाकलं. सुलतानाला तितका धीर येईना.

दुसऱ्या दिवशी ट्रॉली जोडली आणि दांड्याचं वजन आल्याबरोबर पिकअप मागून खाली बसली. पुढचे दिवे झाडांच्या शेंड्यांकडे बघायला लागले. ट्रॉली डोलत नव्हती, सरळ येत होती. पण गावाबाहेरच्या पहिल्याच वळणावर इनायतनं गाडी थांबवली.

"स्टीअरिंग हातात हलकं लागून राह्यलं," तो हळूच म्हणाला. "पुढची चाकं जमीन धरत नाई."

त्यानं स्वतःहून म्हटलं होतं, सुलतानाला त्यात भर घालायची नव्हती. त्यानं ती गाडी स्वतः धुतली, पुसली आणि वाजिदच्या हवाली केली. गल्लीत ती पुन्हा एका दमात वळून गेली, तेव्हा इनायत पाठ करून उभा होता.

"भाभीनं नापास केली," वाजिद चंद्रपुरात सांगत सुटला.

दुसरी गाडी धनराजला ठाऊक होती. मूलच्या एका धानगिरणीची लांबलचक, फिकट निळी पिकअप. गिरणीवाल्यानं ट्रक घेतला होता म्हणून ही विकायची होती. मागचा एक्सल जाड, स्प्रिंगच्या पट्ट्या दणकट, पण डिझेल जास्त प्यायची आणि दार लावताना दोनदा आपटावं लागायचं. इनायतनं एक फेरी मारली आणि तोंड वाकडं केलं. "हे रोज कोण चालवन? गल्लीत तर येणारच नाई."

आणि सुलतानालाही ती गाडी आवडली असं नव्हतं. जुनं इंजिन. जंगलात बंद पडली आणि आत इकरा असली तर? ट्रॉलीचा घोर मिटवावा तर रोजचा घोर मागे लागतो. पांढरीत रोजचं सुख होतं आणि जत्रेची भीती. निळीत उलटं. खात्रीची गाडी कुठे मिळते हे तिला सांगणारं कुणी नव्हतं.

"उतारावर नेऊ," इनायतच म्हणाला. "मंग पाहू."

या खेपेला तो वाटेत एक शब्द बोलला नाही. उतार लागायच्या आधीच त्यानं खालचा गिअर टाकला. इंजिन घरघरत राहिलं, गाडी आपल्या तोलानं खाली सरकू लागली. सुलतानानं आरशात पाहिलं. ट्रॉली दिसत होती, आणि दिसतच राहिली. जीप जिथे रस्त्याखाली गेली होती तिथलं मोडलेलं झुडूप पुन्हा फुटलं होतं. तिनं तिकडून नजर काढून घेतली.

निम्मा उतार झाला आणि डाव्या हाताच्या सागातून गाई बाहेर आल्या. आधी एक, मग सगळा कळप, गळ्यातली लाकडी ठोकरं वाजवत, रस्ता भरून. मागे कुठेतरी गुराखी ओरडत होता.

"अल्ला," सुलतानाच्या तोंडून निघालं.

इनायतनं ब्रेक दाबला. एकदम नाही, दाबत दाबत. गाडीचं नाक वाकलं, मागून ट्रॉलीनं एक धक्का दिला. तोच धक्का, जो सुलताना वर्षभर मनात ऐकत आली होती. तिनं समोरची दांडी दोन्ही हातांनी धरली. गाडी थोडी घसरली, टायर कुरकुरले आणि सगळं थांबलं. इसरू उडी टाकून दगड लावायला धावला. पुढे एक वासरू रस्त्याच्या मधोमध उभं राहून गाडीकडे बघत होतं. त्याच्या आणि बंपरच्या मध्ये माणूस बसेल एवढी जागा उरली होती.

कळप गेला. गुराखी हात हलवून गेला. इनायतचा पाय ब्रेकवरच होता.

"आता सोडा," सुलताना म्हणाली.

"थांब. जरा उभी राहू दे."

सुलतानानं दांडीवरचे हात काढून मांडीवर ठेवले. इसरू खाली उभा राहून तंबाखू मळत होता, त्यानंही घाई केली नाही.

निळी पिकअप घेतली. ती गल्लीत वळली नाही ती नाहीच. बाजाराच्या मैदानात उभी करावी लागे, तिथून सामान हातगाडीवर घरी आणावं लागे. इनायत रोज सकाळी कुरकुरत मैदानात जायचा. दोनदा ती मूलच्या रस्त्यात बंद पडली, त्यातल्या एका वेळी इकरा आत होती. ती लाकडं नेणाऱ्या एका ट्रकमधून घरी आली आणि सुलतानाला वाटलं, चुकलंच आपलं. मार्कंड्याच्या जत्रेला ट्रॉली गेली तेव्हा सुलताना केबिनमध्ये बसून गेली. वैनगंगेच्या काठी सगळे लोक मंदिराकडे बघत होते, ती परतीच्या वाटेचा विचार करत होती. त्या सराईत जिथे जिथे ट्रॉली गेली तिथे ती गेली. लग्नघरच्या बाया हसायच्या, पंगतीत जागा करून द्यायच्या.

मे महिन्यात अवकाळी पाऊस झाला आणि दुसऱ्याच दिवशी इसरूच्या गावाकडचा एक वरबाप दारात आला. उद्याचं लग्न, गावात वीज नाही, जनरेटर पाहिजे. सुलताना पडद्याआड उभी राहून ऐकत होती. आता इनायत हो म्हणेल आणि आपण बुरखा चढवायचा, हे तिनं गृहीतच धरलं होतं.

"खुर्च्या नेतो, भांडी नेतो," इनायत म्हणाला. "जनरेटर नाई नेणार. नाल्याचा उतार वला हाये, माती सुटली असन."

"मंग का अंधारात लगन लावू?" वरबाप चिडला. "तुमची गाडी तर मोठी हाये म्हणतेत!"

"गाडी मोठी हाये. उतार वला हाये. गॅसबत्त्या देतो, पायजे तेवढ्या. भाडं नको त्याचं."

वरबाप बराच तणतणला. पुढच्या वेळी मूलचा बिछायतवाला बघू म्हणाला, आणि पुढे खरोखरच त्या गावचं काम बरेच दिवस मूलला गेलं. इनायत उंबऱ्यावर उभा राहून सगळं ऐकून घेत होता. त्यानं कुठला विनोद केला नाही.

दुसऱ्या दिवशी तो आणि इसरू खुर्च्या-भांडी घेऊन गेले. नाही म्हणायचं ते त्यानंच म्हटलं होतं, म्हणून सुलताना त्या फेरीला गेली नाही. तिला कुणी नको म्हटलं नव्हतं, आणि काळजीही सुटली नव्हती. दुपारभर तिचं लक्ष रस्त्याकडेच होतं. गाडी परत आली ती एक्सलपर्यंत चिखलानं माखून. सुलताना मैदानात गेली तेव्हा इनायत गाडीपाशीच होता. मैदानातल्या बोअरवरून बादल्या भरून ती चाकांवर पाणी टाकत गेली आणि तो खाली वाकून काडीनं चिखल उकरत राहिला.