माझा कोबाल्ट, मावशीचं प्लॅटिनम
ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर मी पुण्यात संशोधन करत होते. डीएनएची दुहेरी दोरी सहसा उजव्या पिळाची असते, पण काही क्षारांच्या द्रावणात तिचा एखादा तुकडा उलटा, डावा पीळ घेतो. कोबाल्टचा एक छोटा रेणू त्या डाव्या पिळाला कसा धरून ठेवतो, हा माझा विषय. मालवणात घरी आले की मी ते सगळ्यांना हौसेने सांगायचे.

एका मे महिन्यात मी सुट्टीवर घरी असताना मावशीच्या अंडाशयात कॅन्सर निघाला. ती प्राथमिक शाळेत शिक्षिका. कोल्हापुरात ऑपरेशन झालं आणि डॉक्टर म्हणाले, आता मुंबईला जाऊन प्लॅटिनमचं औषध घ्या. मामाने ते ऐकलं आणि घरी आल्यावर मला पडवीतच गाठलं.

"गो, तूच सांगलंस मा, धातूचो कण डीएनएक जावन चिकाटता? मगे तुझ्या त्या कोबाल्टाची एक बाटली हाडून दी. मुंबयक कशाक जावचा?"

आजोबांना मुंबईच्या हॉस्पिटलात मामानेच नेलं होतं. ते परत आले नव्हते.

मी म्हटलं, "मामा, ता वेगळा. प्लॅटिनम साध्या डीएनएक वाकवता, म्हणान गाठ वाढणा नाय. माझो कोबाल्ट मी फक्त काचेच्या नळयेत बघितलंय. तो उंदराकसुद्धा कोणी दिल्लो नाय."

"उंदरांचा माका सांगू नको. तिका काय झाला तर तुझा शिक्षण काय चाटूचा?"

आई स्वयंपाकघरातून बाहेर आली, पण माझ्या बाजूने बोलली नाही. तिलाही ती बाटली हवी होती, हे तिच्या तोंडावर दिसत होतं. नाही म्हणणं सोपं होतं. पण मुंबईला काही बरंवाईट झालं असतं, तर या घरात मला जागा उरली नसती.

आत खाटेवर पडल्या पडल्या मावशी सगळं ऐकत होती. तिने मला हाक मारली.

"खरा सांग. तुझ्या औषधान मी बरी होतलंय काय?"

"माका म्हायत नाय, मावशी. कोणाकच म्हायत नाय."

"आणि डॉक्टराच्या?"

"काही बायका बऱ्या झाल्यात. सगळ्यो नाय."

ती खाटेवर उठून बसली. मग म्हणाली, "चल तर. पण तू वांगडा ये."

तिच्यासोबत जायला मी सुट्टी वाढवून घेतली. मुंबईत सलाईनमधून औषध चढायला लागलं की ती पोटातलं पाणीसुद्धा उलटून टाकायची. मी भांडं धरून बसायचे. मामा व्हरांड्यात येरझाऱ्या घालायचा आणि माझ्याशी एक शब्द बोलायचा नाही. औषधाच्या मधल्या एका खेपेला तिच्या कानांत घंटा वाजू लागल्या. डॉक्टर म्हणाले, हे औषधामुळेच. मावशीने माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. हे मी तिला आधी सांगितलं नव्हतं, कारण मलाच ठाऊक नव्हतं.

तपासणीत गाठ उरली नाही असं कळलं, तेव्हा मामा व्हरांड्यातल्या बाकावर बसून हुंदके देऊन रडला. मी शेजारी जाऊन बसले. त्याने पाण्याची बाटली माझ्याकडे सरकवली.

पुढच्या वर्षी जूनमध्ये मावशी शाळेत परतली. मुलांना पहिल्याच दिवशी म्हणाली, "मोठ्यान बोला रे, बाईंका आता कमी ऐकू येता." वर्ग इतक्या जोरात ओरडला की शेजारच्या वर्गातले गुरुजी धावत आले.