मलसुन नूनाचा चष्मा

ती लेन्स मी ओतून दिली. बशीत पाणी होतं, बशी मुळ्याच्या बरणीला टेकून ठेवलेली होती, आणि मला दुसऱ्याच्या दुकानातली भांडी विसळायची जुनी खोड आहे.

"कीसोक, इथली बशी कुठाय?" मलसुन नूनाने एक डोळा मिटून विचारलं.

"विसळली की. बघ कशी लख्ख झालीय!"

"त्यात माझा डोळा होता रे, मेल्या!"

मग आम्ही दोघं धक्क्यावरच्या गटारीशी उकिडवे बसलो. मी सुकी मांदेली विकतो, त्यामुळे गटारीत चमकणारी प्रत्येक गोष्ट मांदेलीचं खवलंच निघत होती.

तोंग्योंगच्या या धक्क्यावर नूना तीस वर्षं समुद्रावर जाणाऱ्या खलाशांना न्याहारी बांधून देते. समुद्रशेवाळात गुंडाळलेला कोरा भात, वेगळं तिखट माकूल, म्हणजे स्क्विड, आणि मुळा. वयाने आठ वर्षांनी मोठी, म्हणून मी तिला नूना, म्हणजे ताई, म्हणतो. ती मला तोंडाला येईल ते म्हणते. नजर तिची तिशीतच अधू झाली, पण चष्मा कसा लावणार? बोहनीच्या वेळी चष्मेवाली बाई समोर आली की दिवस पाण्यात गेलाच, ही आमच्याकडची समजूत. नूनाने स्वतः एकदा सकाळी सकाळी आलेल्या चष्मेवाल्या मास्तरणीच्या पाठीमागे अपशकुन टळावा म्हणून मूठभर मीठ फेकलं होतं. म्हणून ती मऊ लेन्स लावायला लागली, ती आजतागायत.

नवी लेन्स घ्यायला तिला मी चष्म्याच्या दुकानात घेऊन गेलो. दुकानदाराने यंत्रातून डोळ्यात पाहिलं आणि मान हलवली.

"आजी, या डोळ्याला मी लेन्स विकणार नाही. आधी डॉक्टरांना दाखवा."

"आजी कोणाला म्हणतोस?" असं म्हणून नूना उठली, पण डॉक्टरांकडे गेली.

ताक आडनावाचे डॉक्टर वयाने पोरसवदा. त्यांनी पडद्यावर तिच्या डोळ्याचा मोठा फोटो लावला. बुबुळाच्या कडेने लाल धागे आत सरकले होते, भिंतीवर वेल चढावी तसे.

"हा कॉर्निया, डोळ्याची पुढची काच. हिच्यात रक्तवाहिन्या नसतात, म्हणून ती स्वच्छ असते. ती थेट हवेतून श्वास घेते. तुम्ही दिवसभर तिच्यावर झाकण ठेवता. गुदमरली, म्हणून कडेच्या शिरा आत शिरल्या. महिन्याची लेन्स किती दिवस वापरता?"

"फाटेपर्यंत."

"झोपताना काढता ना?"

नूना छताकडे बघायला लागली. "दुपारची डुलकी तर लेन्ससकटच," मी म्हणालो.

"तू गप रे! डॉक्टर, पण कधी दुखलं नाही हो."

"तेच तर. लेन्सच्या सवयीने कॉर्निया बोथट झालाय, त्याला दुखायचंच कळत नाही. हे धागे बाहुलीपर्यंत पोचले तर नजर धूसर होईल, कायमची. लेन्स बंद केलीत तर शिरांतलं रक्त ओसरेल. खुणा राहतील, नजर वाचेल."

त्या दुपारी मी मांदेलीची एकच पाटी सात वेळा इकडून तिकडे हलवली. नूनाचं सगळं दुकान चार बोटींवर, त्यातली मोठी नाम आडनावाच्या तांडेलाची. त्या गेल्या तर खायचं काय? आणि सुरुवात माझ्यामुळे झालेली. मी म्हणालो, "नूना, बोहनीला मी उभा राहतो. तू आत बस."

"तुझं थोबाड बघून बोटी बंदरातच बुडतील."

सकाळी ती चष्मा लावून आली. भाताचं झाकण उघडलं की काचा पांढऱ्या. पुसायची, पुन्हा पांढऱ्या. दोन बोटींचे खलाशी दुरूनच पलीकडच्या दुकानाकडे वळले. नाम तांडेल पायरीवर थबकला.

"मलसुन, तोंडावर हे काय?"

"चष्मा."

"बोहनीच्या वेळी?"

"तीस वर्षं सकाळी उठून तुझं तोंड बघते आहे, तांडेल, माझं काय भलं झालं?"

त्याचे खलाशी खदाखदा हसले. तांडेल हसला नाही. त्याने मान समुद्राकडे वळवली, हात मागे करून चाचपडत पुडकी घेतली आणि तिच्याकडे न बघताच बोटीवर चढला.

दुपारपर्यंत मी धक्क्याला इतक्या चकरा मारल्या, की मांजरांनी माझ्या मागे यायचं सोडून दिलं. तांडेलाची बोट दिसेना. शेवटी नूनासमोर येऊन उभा राहिलो.

"नूना, जाळं रिकामं आलं तर उद्या कुत्रं फिरकणार नाही इथे. बोहनीपुरती, अर्धाच तास, लावतेस का ती उरलेली लेन्स?"

तिने चष्मा पदराएवढ्या मोठ्या फडक्याने पुसला, नाकावर ठेवला.

"जाळं उद्या परत टाकता येतं."