लगीन झालं की शहाणा

माणसाचं वय अण्णा पाटील त्याच्या लग्नावरून ठरवत. जन्मतारखेची भानगड त्यांना मान्यच नव्हती. लग्न झालं की माणूस शहाणा, नाही झालं तर पोर. मग ते पोर चाळिशीचं का असेना. पन्नास सालानंतरच्या आमच्या थेरगावात हेच माप चालायचं. इतका आडमुठा माणूस मी पुन्हा पाहिला नाही आणि पाहायची इच्छाही नाही.

मतदारयादी करायला कारकून आला, तेव्हा चावडीत अण्णाच सगळ्यांची वयं सांगत बसले होते. एकविसाच्या आत मत नाही, असं कारकुनानं दोनदा बजावलं. मी समोरच उभा होतो. तेवीस पूर्ण, दापोडीला कारखान्यात कामाला, पण लग्न व्हायचं होतं.

"ह्यो? ह्यो पोर हाय अजून," अण्णा म्हणाले. "ह्याला घरात कुनी इचारत न्हाई, सरकार कशाला इचारतंय?"

चावडी हसली. मीही हसलो. मला मत हवं होतं, पण तसं म्हणायची छाती झाली नाही.

लगेच त्यांनी स्वतःची सून लिहायला लावली. गंगू जेमतेम सतराची, त्याच वर्षी लग्न होऊन आलेली. "एकवीस लिवा," म्हणाले. अशा आणखी आठ-दहा कोवळ्या सुना त्यांनी एका दमात सज्ञान करून टाकल्या. पोरींना अधिकार मिळावा, असला उदात्त विचार त्यामागं मुळीच नव्हता. ग्रामपंचायतीला अण्णा स्वतः उभे होते आणि सुना सांगू तिथंच मत टाकतील, ही त्यांची बालंबाल खात्री होती.

समोरचा उमेदवार आळीत विहीर खणू म्हणत होता. बायका तेव्हा पवनेवरून पाणी आणत. अण्णा म्हणाले, "पान्याला गेल्याबिगर बायांचे पाय मोकळे व्हनार कसे?" आणि स्वतः ओट्यावरून हलले नाहीत.

अण्णा नऊ मतांनी पडले. आमची भिंत त्यांच्या घराला लागून, त्यामुळं त्या दिवशीचा आरडाओरडा मी मनापासून ऐकला. शेवटी गंगूचा आवाज आला, "मामंजी, तुमीच म्हनला, मी शानी झाले. म्हनून मत इचार करून टाकलं."

विहीर झाली. "मचूळ हाय पानी," असं रोज म्हणत अण्णा रोज दोन तांबे रिचवत. त्यांच्या या हट्टाचं मला हसूही यायचं, मायाही वाटायची.

चार वर्षांनी नवी यादी करायला पुन्हा कारकून आला, तो थेट अण्णांच्या ओट्यावर. माझं लग्न झालं होतं. "ह्याचं लिवा, शाना झाला आता," अण्णा म्हणाले. सुनेचं वय विचारल्यावर मात्र म्हणाले, "न्हान हाय ती. सतरा."

गंगू पोर कडेवर घेऊन दारात आली. "मामंजी, सतराची मी मागल्या खेपेला हुते. तवा तुमी एकवीस सांगितलं. आता खरंच एकवीस झाली. लिवा, सायेब."

कारकुनानं लिहिलं. अण्णा मान खाली घालून तंबाखू मळत राहिले.

अण्णा जाऊन खूप वर्षं झाली. चावडीत मलाही एवढंच बोलायचं होतं, आपलं वय. तेविसाव्या वर्षी ते मला जमलं नाही. अण्णांचं माप खोटंच होतं, पण मला त्यांनी पोर म्हटलं, ते चुकलं नव्हतं.