वस्तू चोख, पाणी खराब

कोणी भांडायला आलं की तो आधी टेबल पंख्याचं तोंड त्या माणसाकडे वळवायचा. मग खुर्ची पुढे सरकवायचा आणि म्हणायचा, "बसा. उन्हाचे आले. भांडण काय, अर्ध्या तासानं बी होते." मे महिन्यात, वडनेरच्या त्या उन्हात, बंद पडलेला मिक्सर काखेत मारून आलेला माणूस वाऱ्यापुढे बसला की त्याचा निम्मा राग तिथेच उतरायचा. उरलेला निम्मा चहाने उतरायचा.

माझी पिठाची गिरणी आणि त्याचं दुकान यांच्यामध्ये एक भिंत होती, तीही छातीएवढीच. त्यामुळे त्याचा सगळा कारभार मी आणि माझ्याकडे दळणाला आलेल्या बायांनी फुकटात पाहिला. तुम्हीही असा एखादा पाहिला असेल, नाही असं नाही. पांढरा इस्त्रीचा शर्ट, खिशाला पेन, कपाळावर चढवलेला चष्मा आणि जिभेवर साखर. धंदा जुन्या वस्तूंचा. कूलर, टीव्ही, मिक्सर, पाणी शुद्ध करायच्या मशिनी. दुकान नावालाच होतं, सगळी विक्री फोनवर. फोटो काढायचा, ऑनलाइन टाकायचा, पैसे आले की वस्तू टेम्पोत चढवायची. फोटोच्या आधी ती वस्तू अशी चोळून पुसायचा की हळदीत नवरदेवालाही कोणी एवढं चोळत नसेल. आत काय आहे ते मात्र कधी उघडून पाहायचा नाही. स्क्रू ड्रायव्हर त्याच्या हातात मी पाहिलाच नव्हता.

जाहिरात ठरलेली. "एकच हात वापर. मालकाची बदली झाल्याने विकणे आहे." त्याच्या जाहिरातींतल्या मालकांच्या इतक्या बदल्या व्हायच्या की तेवढ्या सरकारही करत नसेल. एकदा मी भिंतीवरून विचारलं, "काय हो भाऊ, हा कूलर तर आपल्या गल्लीतल्या मास्तरचा. त्यांची कुठी झाली बदली?" तर म्हणे, "वहिनी, कूलरची झाली न. त्यायच्या घरातून माह्या दुकानात." आणि स्वतःच हसला. लाज नावाची गोष्ट त्याने बहुतेक कोण्या गिऱ्हाइकाला विकून टाकली होती.

तक्रारीचा फोन आला की तर तमाशाच. आधी गोड आवाजात म्हणायचा, "थांबा साहेब, कंप्लेंट डिपार्टमेंटले जोडून देतो." मग फोन पोटाशी धरून खाकरायचा आणि घोगऱ्या आवाजात स्वतःच बोलायचा, "हां, हेड ऑफिस. बोला." एकदा फोन स्पीकरवर असताना समोरच्या माणसाने विचारलं, "साहेब, तुमच्या हेड ऑफिसात दळण सुरू हाय काय?" माझ्या गिरणीचा आवाज पोचला होता तिकडे. बाया हसून हसून पिठात पडायच्या राहिल्या. त्याने मात्र घोगऱ्या आवाजातच सांगितलं, "जनरेटर हाय ते."

कोणतीही तक्रार असो, त्याचं उत्तर एकच असायचं. "वस्तू चोख हाय. तुमच्याकडंच काहीतरी गडबड हाय." टीव्ही दिसत नाही? तुमच्या गावची लाइन कमी दाबाची. मिक्सर जळला? मिरची तुमची जाड. जानेफळचा एक माणूस कूलर घेऊन आला, हवाच थंड लागत नाही म्हणून. त्याला म्हणाला, "तुमी घाटावरचे. तिकडं हवाच थंड राह्यते. कूलरनं आणखी किती थंड करा बाप्पा?" तो माणूस बिचारा विचारात पडला. मी भिंतीपलीकडून ओरडणार होते, पण जात्यात ज्वारी होती.

आणि इतक्यावरही कोणी ऐकलं नाही, तर त्याचं शेवटचं हत्यार निघायचं. नातं. "गाव कोणतं? आडनाव? हां हां! मामाचं कूळ कोणतं? अरे देवा, मंग तर आमच्या आत्याच्या दिरायचे तुमी भाचे! पाव्हणेच निंघाले राजेहो!" झालं. आता पाहुण्याशी भांडायचं कसं? मिक्सर काखेत, वरून चहा पोटात, आणि माणूस रामराम करून घराकडे. पुढची गंमत ऐका. ही लोकं मग खरंच त्याला लग्नाच्या पत्रिका पाठवायची! आणि हा जायचा. ज्याच्या गळ्यात फुटका टीव्ही बांधला, त्याच्याच पोरीच्या लग्नात फेटा बांधून अक्षता टाकायचा, वरण-बट्टीवर दोनदा तूप घ्यायचा आणि दुसऱ्या दिवशी मला येऊन सांगायचा, "लय मान देल्ला हो वहिनी." त्या वेळी त्याचा चेहरा खरंच आनंदी असायचा. त्याला तो मान खरा वाटायचा, हे मला जास्त खटकायचं.

तर एके दिवशी एक पोरगी आली तेव्हा दुकानात बीबी गावचा एक माणूस मिक्सर घेऊन बसलेला होता. त्याचं काम आटोपत आलं होतं, म्हणजे ती दारात येता येताच तो भाचा झाला होता आणि चहा पीत होता. पोरगी विशी-बाविशीची, सडपातळ, खांद्याला पर्स. तिच्यासोबत ऑटोवाला होता. त्याने पाण्याची मशीन उचलून काउंटरवर ठेवली आणि तो निघून गेला. ती उभीच राहिली. याने पंखा वळवला. ती वाऱ्यातून बाजूला सरकली.

"ही तुमच्याकडची मशीन. ऑनलाइन घेतली होती. पाणी खारंच येते."

आता हे आमच्या भागातल्याला सांगायला नको, पण तुम्ही दुरून वाचत असाल तर सांगते. पूर्णेकाठच्या गावांचं बोअरचं पाणी खारट. तोंडात धरवत नाही. वर्षानुवर्षं पिऊन माणसांच्या किडन्या जातात. तिच्या वडिलांच्या किडनीला त्रास सुरू झालेला होता. डॉक्टरांनी बजावलं होतं, बोअरचं पाणी बंद, चांगलंच पाणी प्यायचं. म्हणून तिने ही मशीन घेतली होती.

हे सगळं तिने दोन वाक्यांत सांगितलं. त्याने ऐकलं आणि नेहमीचं सुरू केलं. "वस्तू चोख हाय ताई. तुमच्याकडचं पाणीच खराब हाय."

"पाणी खराब हाय म्हून तर मशीन घेतली ना!"

माझ्याकडच्या बाया फसकन हसल्या. याचा जरासा तोल गेला. मग त्याने विचारलं, "कवा घेतली होती? चार महिने झाले? मंग चार महिने काऊन नाही बोलले? झोपले होते काय?"

 तिचा चेहरा असा झाला की हसणाऱ्या बाया गप्प झाल्या. त्याला वाटलं, डाव लागला. त्याने पटकन पुढचं हत्यार काढलं. "बरं जाऊ द्या. गाव कोणतं म्हटलं तुमी? आडनाव?"

तिने गाव सांगितलं. आडनाव सांगितलं. त्याचं तोंड "हां हां" म्हणायला उघडलं होतं, ते तसंच राहिलं. "म्हणजे... घर कोण्या बाजूले?"

"बुद्धविहाराच्या मागं."

आता एवढा नात्यांचा कारखाना चालवणारा माणूस, त्याचा कारखानाच बंद पडला. आत्या नाही, मामा नाही, दीर नाही. साऱ्या जिल्ह्यात सोयरे काढणारा हा, त्याला एवढ्या एका घराशी नातं जोडता येईना. ती पाहत होती. बीबीचा माणूस कपात पाहू लागला.

"ह्या दादाले आत्ता भाचा केलं न तुमी," ती म्हणाली. "आता मले काय करता? लावा नातं."

मी गिरणीचं बटण बंद केलं. ज्वारीला घाई नव्हती.

तिने पर्समधून पाण्याची बाटली काढून त्याच्यापुढे ठेवली. "हे तुमच्याच मशीनचं पाणी. चोख हाय म्हणता तर प्या."

"आत्ताच चहा घेतला."

"घोटभर प्या."

"तहान नाही हो."

"खारं हाय म्हून पेत नाही, का आमच्या घरचं हाय म्हून?" तिचा आवाज चढला नव्हता. "खारं असन तर मशीन खराब हाय, तसं सांगा. अन् दुसरं काही असन, तर तेही सांगून टाका. ह्या साऱ्या बाया ऐकून राह्यल्या."

दरवर्षी जयंतीच्या मिरवणुकीत निळा फेटा बांधून फोटो काढणारा हा माणूस. ते फोटोही ऑनलाइनच. त्याने आमच्याकडे पाहिलं. कोणी सोडवेल असं वाटलं असावं. एकीनेही मान वळवली नाही. मग त्याने बाटली उचलली, तोंडाला लावली, चांगले चार घोट घेतले. गळ्याची गाठ वरखाली होताना आम्हाला दिसली. डोळ्यांत पाणी आलं ते त्याने चष्मा नीट करण्याच्या बहाण्याने पुसलं. आणि ओठ पुसून म्हणाला, "गोड हाय."

अव माय! मला त्या क्षणी त्याची जी किळस आली, ती अजून गेलेली नाही. जातीतून सुटला, मशीनमधूनही सुटला. एका दमात दोन्ही वाचवलं पठ्ठ्याने.

पोरगी चिडेल, ओरडेल, असं आम्हाला वाटलं होतं. मीही हातातलं पीठ झटकून तयार होते. पण ती नुसती त्याच्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "माहा बाप बी हेच म्हणे."

मग तीच पुढे म्हणाली, "चार महिने काऊन नाही बोलले म्हून विचारलं न तुमी? मी जालन्याले नोकरी करते. पह्यल्या पगाराची मशीन घेतली. रोज फोनवर मी विचारत होती, बाबा, पाणी कसं हाय? गोड हाय, म्हणत. आपल्या विहिरीचं होतं पह्यले, तसं गोड हाय, म्हणत. काल सुट्टीवर आली, अन् घोट घेतला तर थुकून टाकला. डॉक्टरनं ज्या पाण्याले नाही म्हटलं, तेच पाणी पेत राह्यले ते. काऊन? तर पोरीनं पाठवलं."  तिने बाटलीला झाकण लावलं. "त्यायनं गोड म्हटलं ते मले वाईट वाटू नये म्हून. तुमी कोणासाठी म्हटलं?"

 बीबीच्या माणसाने कप खाली ठेवला, आपला मिक्सर काउंटरवर आपटला आणि म्हणाला, "माहाही पाहा बे आता. भाचा-बिचा नाही मी कोणाचा."

मग दुकानवाल्याने पोरीची मशीन जवळ ओढली. ड्रॉवरमधून स्क्रू ड्रायव्हर काढला. होता म्हणजे त्याच्याकडे! झाकण उघडलं. ज्या नळकांड्यात पाणी गाळणारा फिल्टर असतो, ते नळकांडं रिकामं होतं. बोअरचं पाणी एका बाजूने आत आणि दुसऱ्या बाजूने बाहेर, बस. त्याला हे माहीत होतं का, असं नंतर मला खूप जणींनी विचारलं. झाकण उघडायच्या आधीच त्याची मान खाली गेली होती. काय समजायचं ते समजा.

नांदुऱ्याहून त्याने नवा फिल्टर मागवला. तोवर ती माझ्या बाकावर बसली, मी दिलेलं पाणी प्याली. फिल्टर आल्यावर ती म्हणाली, "मले देऊ नका. घरी येऊन लावून द्या." आणि तो गेला. इतक्या वर्षांत तक्रारीसाठी दुकान सोडून गेलेला मी त्याला पहिल्यांदाच पाहिला. मशीन मांडीवर घेऊन ऑटोत बसला होता, पांढऱ्या शर्टाला गंज लागला होता. बाया म्हणाल्या, सुधारला वाटते. मी म्हटलं, छे.

आणि नाहीच सुधारला. थोडे दिवस गप्प होता, मग पुन्हा मालकांच्या बदल्या सुरू झाल्या. फक्त पाण्याची मशीन त्यानंतर त्याने ठेवली नाही. पुढच्या उन्हाळ्याआधी गाळा रिकामा करून गेला. कोणी म्हणतं अकोल्याला, कोणी म्हणतं जळगावकडे. फोन लागत नाही. तिथे आता बी-बियाण्यांचं दुकान आहे, आणि ती भिंत त्या लोकांनी पार छतापर्यंत नेली. मला त्याची आठवण येते का? येते, पण शिव्यांसकटच येते.

फक्त त्या दिवशीची संध्याकाळ राहिली सांगायची. तो परत आला तेव्हा मी गिरणी झाडत होते. तो दुकानात गेलाच नाही, माझ्या बाकावर येऊन बसला. मी विचारलं, "लावली मशीन?"

"लावली."

"तब्येत कशी हाय तिच्या बापाची?"

"पाय सुजले हायेत. आता आठवड्यातून दोनदा अकोल्याले न्या लागते म्हणे, रक्त धुवायच्या मशीनवर."

मला बोलायचं होतं खूप. सगळं तोंडापर्यंत आलं होतं. तेवढ्यात तोच पुढे बोलला. "पह्यला ग्लास त्यायलेच देल्ला. पेले. पोरगी चहा ठेवायले आत गेली, तवा मले जवळ बोलावलं. म्हणे, साहेब, आधीचं पाणी बी गोडच होतं. पोरगी लहान हाय अजून, तिले समजत नाही. एवढ्या उन्हात तुमाले यायले लावलं, माफी करा."

मी केरसुणी हातात धरून तशीच उभी राहिले. त्याला घरी जायचं होतं, उशीर झाला होता, पण तो काही उठला नाही.