वाईन झाली, पण चाखणार कोण?

मंडळी, आज माझी पहिलीवहिली वाईन तयार झाली. म्हणजे, झाली असावी.

वसईला नाताळची वाईन आय बरणीत घालते. इथे परदेशात, सलमानियाच्या फ्लॅटमध्ये मी किट आणलं: द्राक्षरसाची पिशवी, यीस्टची पुडी आणि झाकणाला नळी असलेला डबा.

यीस्ट टाकल्यापासून डबा सारखा बुडबुडत होता. ड्युटीवरून आले की घरात कुणीतरी आहे असं वाटायचं. आज आले, तर आवाज बंद. रस आंबून झाल्याची हीच खूण. मला मात्र घर एकदम रिकामं वाटलं.

ग्लासात थोडी ओतली आणि आयला व्हिडिओ कॉल लावला.

"रंग झकास आलाय गं! पहिला घोट कुणी घेतला?"

आमच्या घरी करणाऱ्याने आधी चाखायची नसते. दुसऱ्याने घोट घेऊन 'झाली' म्हणायचं, मगच ती झाली.

"कुणीच नाही, आय."

"शेजारणीला बोलाव की."

शेजारी कोण राहतं, तेच मला ठाऊक नाही. हे तिला सांगवलं नाही. "बोलावते," म्हटलं आणि फोन ठेवला.

ग्लास बशीने झाकून ठेवलाय. तुमच्या हातचं चाखून 'झालं' म्हणणारं तुमच्याजवळ कुणी आहे का हो?